चित्रातल्या घराची पाठ

सही अडली होती ती आईच्या बोटांपायी.

नकाशावाला साडेअकराला येणार होता. नव्या घराच्या नकाशाच्या पाच प्रती, प्रत्येकीवर खाली उजवीकडे पेन्सिलीची बारीक फुली, आणि त्या फुलीवर आईची सही. प्लॉट तिच्या नावावर, तेव्हा दुसऱ्या कुणाची सही चालणार नव्हती. आणि सकाळी तास-दीड तास उन्हात शेकल्याखेरीज आईची बोटं पेन धरत नसत. नऊ वर्षं झाली, सांध्यांनी तिच्याशी करारच करून टाकला होता: ऊन दाखव, बोटं घे. आभाळ भरून येई त्या दिवशी ती चहाचा कप लहान मुलासारखा दोन्ही तळहातांत धरून पिई, आणि कुणी बघितलंच तर म्हणे, "गरम आहे म्हणून धरलाय."

आज आभाळ निरभ्र होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं होतं आणि हक्काच्या पाहुण्यासारखं थेट आतल्या भिंतीपर्यंत जाऊन बसलं होतं. आईची खुर्ची त्याच्या मागोमाग. सूर्य वर चढे तसं ऊन खिडकीकडे मागे सरके आणि खुर्चीही सरके. या घरात घड्याळ बघायची गरज नव्हती. खुर्ची कपाटापाशी म्हणजे आठ, टेबलापाशी म्हणजे साडेनऊ, आईचे गुडघे खिडकीच्या गजांना टेकले की अकरा.

आत्ता खुर्ची टेबलापाशी होती. आणि समोर, कपाटाला टेकवून, ते चित्र.

चित्र धाकटीने केलेलं. छत्तीस वर्षांची झाली तरी ती या घरात धाकटीच होती. पंधरा वर्षं ती हेच काम करत आली: न बांधलेल्या घरांची बाहेरून दिसणारी चित्रं, संगणकावर, अशी की बघणाऱ्याने विचारावं, फोटो कुठे काढलात? बिल्डर तिच्याकडे नकाशा धाडत, आणि आठ दिवसांत ती त्यांना घर देई. नवं घर ती कधी नवं काढत नसे. भिंतीच्या पायाशी चिखलाच्या शिंतोड्यांची वीतभर पट्टी, खिडकीखाली पाण्याचा एक पुसट ओघळ, पायरीची एक कड जरा झिजलेली. फार स्वच्छ घर खोटं दिसतं, हे तिला कधीच कळून चुकलं होतं.

आईच्या घराला तर तिने जीव लावला होता. व्हरांड्यात वेताची खुर्ची ठेवली, आणि खुर्चीच्या पाठीवर आईची तपकिरी शाल. खऱ्या शालीचा फोटो काढून ते कापड चित्रात आणलं, रफू केलेल्या कोपऱ्यासकट. आणि त्या सगळ्यावर तिरपं, मऊ, सकाळचं ऊन.

त्या उन्हासाठीच आईने होकार दिला होता. "ही खिडकी सोडून मी कुठे हलायची नाही," असं दोन वर्षं म्हणणारी आई चित्रासमोर अर्धा तास गप्प बसली, आणि मग म्हणाली, "माझी खोली ही पुढचीच ना? मग चला."

धाकटी आज त्या चित्राकडे बघत नव्हती.

"पायांकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "एवढं सुंदर काढलंस, मग तोंड का असं?"

"काही नाही गं."

"शाल बघ कशी हुबेहूब. फाटका कोपरासुद्धा. तो कशाला दाखवायचा जगाला?"

"फाटका कुठे आई? मी रफू केलाय," वहिनी म्हणाली. "टाका दिसत नाही माझा. चित्रात दिसतो, तो हिच्या नजरेचा दोष."

सगळे हसले. मामा तेवढा हसला नाही. तो आईचा धाकटा भाऊ, उभा जन्म गवंडीकामात गेलेला. हात कापायला लागल्यापासून थापी सोडली होती, पण भिंतीसमोर उभा राहिला की त्याचा एक डोळा आपोआप मिटे. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. भाच्यांनी लहानपणीच त्याचं नाव ओळंबामामा ठेवलं होतं. आत्ता त्याचा एक डोळा मिटलेला होता, आणि उघडा डोळा धाकटीवर होता.

सकाळी आठला ते दोघं प्लॉटवर होते. मामाला खुंट्या ठोकून, दोरी ताणून, घराच्या रेषा जमिनीवर आखून बघायच्या होत्या. धाकटी त्याला स्कूटरवर घेऊन गेली होती. सूर्य कुंपणाच्या हातभर वर. मामाने पहिली खुंटी ठोकली आणि तिची लांबलचक सावली जमिनीवर पडली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"धाकटे, इकडे ये. ही सावली बघ. तुझ्या चित्रात खांबाची सावली कुणीकडे पडते?"

तिने सावली बघितली, मग रस्त्याकडे बघितलं.

रस्ता उत्तरेला. घराचं तोंड उत्तरेला. आईचा व्हरांडा उत्तरेला, आईची खोली उत्तरेला. तिथे ऊन येणार नव्हतं. सकाळी नाही, दुपारी नाही, आणि ज्या महिन्यांत आईची बोटं लाकडासारखी होतात त्या महिन्यांत तर मुळीच नाही.

तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? उत्तरेला तोंड असलेलं घर चित्रात मेल्यासारखं दिसतं, सगळी पुढची बाजू सावलीत, राखाडी. म्हणून या धंद्यातले सगळेच सूर्य उचलतात आणि सोयीच्या जागी ठेवतात. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक आकडा असतो, उत्तर दिशा कुठे आहे ते सांगणारा. तो फिरवला की झालं. गिऱ्हाईक भिंतीचा रंग बघतं, बाल्कनीचा कठडा बघतं, दिशा कोण बघतो? शेकडो घरांना तिने असा सूर्य दिला होता. आईच्या घरालाही हाताच्या सवयीने दिला. रफूच्या टाक्यापर्यंत सगळं खरं, आणि सूर्य तेवढा खोटा.

"ताईच्या सहीआधी सांग तिला," मामा दोरी गुंडाळत म्हणाला होता. "मी बोललो तर दादा म्हणेल, म्हाताऱ्याला कशातही खोट दिसते. तू बोल."

आणि आता साडेनऊ वाजून गेले होते, आणि ती बोलली नव्हती.

"धाकटे, जरा ये," वहिनीने तिला आतल्या खोलीत नेलं, पलंगावर खाकी कागद पसरला. शिवणकामाचा कागद, ज्यावर ती लोकांच्या बाह्या आणि गळे कापायची. आज त्यावर खोली होती. दहा बाय अकरा, मागच्या बाजूला, पूर्वेच्या कोपऱ्यात. मशीनचा तुकडा वेगळा कापलेला, टेबलाचा वेगळा, कपड्यांच्या घोडीचा वेगळा. ती ते तुकडे बोटाने सरकवत होती.

"मशीन इथे. खिडकी डाव्या हाताला. ऊन डावीकडून आलं ना, की सुईवर हाताची सावली पडत नाही. नकाशावाल्याला तीनदा फोन करून पूर्वेची खिडकी मागून घेतलीय मी. तुझा दादा म्हणतो, त्याचा पिच्छा सोड आता."

"ऊन... येईल तिथे?"

"येईल म्हणजे? अकरापर्यंत हटणार नाही! पुढे आईंच्या खोलीत ऊन, मागे माझ्या खोलीत ऊन. कसं उजेडाचं घर होणारेय."

सकाळचं ऊन एकाच वेळी घराच्या पुढे आणि मागे कसं असेल, हा प्रश्न तिला पडला नव्हता. चित्र डोळ्यांसमोर असलं की असले प्रश्न पडत नाहीत. त्यासाठीच तर बिल्डर चित्र करून घेतात.

"वीस वर्षं," वहिनी म्हणाली, "जेवायची वेळ झाली की मशीन उचल, जेवणं झाली की परत मांड. टाचण्या भातात सापडल्यात तुझ्या दादाला. आता बघ, दार असेल माझ्या खोलीला. लावता येणारं दार." आणि ती स्वतःशीच लाजली, नव्या नवरीसारखी, पन्नाशीची बाई.

धाकटीने कागदावरच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. खरं बोलायचं म्हणजे काय, हे तिला आत्ता धड कळलं. अख्ख्या घरात सकाळचं ऊन येणारी खोली एकच, आणि ती ही. सूर्य जागेवर ठेवला की तो आईच्या खोलीतून निघून वहिनीच्या खोलीत जाऊन बसणार. मग आई एकीकडे आणि वहिनी एकीकडे. आणि वहिनी कोण? धाकटी हे शिकायला घर सोडून निघाली तेव्हा तिच्या बाजूने बोललेली एकटी.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे दादा कप विसळत होता. औषधाच्या दुकानात रोज बारा तास उभा राहणारा माणूस. घरीही तो बसून असं काही करतच नसे.

"मामाने काही भरवलं का तुला?" त्याने न वळता विचारलं. "आल्यापासून त्याचं तोंड वाकडं आहे."

"दादा, पुढे ऊन येणार नाही."

त्याने कप पालथा घातला. मग दुसरा. दचकला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"नकाशावर बाण असतो गं दिशेचा. मला वाचता येतं."

"मग तू मला फोनवर का म्हणालास, पुढून ऊन दाखव, आईला बरं वाटेल?"

"कारण तिला बरं वाटायला हवं होतं!" आवाज चढला, तसा त्याने नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "जिन्यात पडली तेव्हा तू होतीस? तासभर पडून होती ती, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. तासभर. मी दुकानात लोकांना खोकल्याची बाटली देत होतो. त्या दिवसापासून मी फोन वाजला की आधी जिना बघतो डोळ्यांपुढे. मला ती तळमजल्यावर हवी आहे, पुढच्या खोलीत, ॲम्ब्युलन्स दारात लागेल अशी. ऊन नाही तर हीटर लावीन, दोन लावीन."

"तिने उन्हाच्या बोलीवर होकार दिलाय."

"तिने चित्राला होकार दिलाय. आणि चित्र तू काढलंयस." हे तो वाईट वाटून म्हणाला, टोचायला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "तासाभराचा प्रश्न आहे, धाकटे. सही होऊ दे. राहायला गेली की रमेल. सगळी रमतात."

"नाही रमली तर?"

"तर मला शिव्या देईल. पण जमिनीवर उभी राहून देईल."

नळ चालूच होता. तिने हात पुढे करून तो बंद केला.

बाहेर आल्यावर तिने बघितलं, खुर्ची हलली होती. आईचे गुडघे खिडकीपासून दोन विती राहिले होते. आई हात पालथे मांडीवर ठेवून बसली होती, आणि ऊन तिच्या बोटांच्या गाठींवरून हळूहळू उतरत होतं, एकेक गाठ सोडवत. तिने उजवी मूठ वळून बघितली. अर्धी वळली.

"अजून थोडी," ती म्हणाली. "अंगठा आडमुठा आहे आज."

"सावकाश, आई," दादा म्हणाला आणि पाची प्रती टेबलावर एकाखाली एक नीट लावू लागला. मामा भिंतीला टेकून उभा. वहिनीने पेन पुसून ठेवलं. खालून रस्त्यावरून कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत राहिला.

"का रे सगळे मुके?" आई म्हणाली. "मढं उचलायला बसल्यासारखे. माझं नवं घर होतंय ना?"

मग तिने मूठ वळली, उघडली, वळली.

"सुटली," ती म्हणाली. "आण पेन."

दादाने पेनचं टोपण काढलं आणि तिच्या बोटांत दिलं. पहिली प्रत पुढे ओढली. आईने चष्मा वर सारला आणि फुली शोधली.

"आई, थांब."

धाकटीला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"आता काय?"

"चित्रात चूक आहे."

"कसली? रंग?"

"सूर्य."

"धाकटे," दादा म्हणाला. एवढंच.

तिने लॅपटॉप आणला आणि त्या पाच प्रतींच्या वरच ठेवला, टेबलावर दुसरी जागा नव्हती म्हणून. घर उघडलं. तोच व्हरांडा, तीच खुर्ची, तीच शाल.

"हा मी सूर्य ठेवला होता, छान दिसावं म्हणून. आणि हा," तिने आकडा पुसला, दुसरा घातला, "हा आपल्या प्लॉटवरचा."

पडदा आधी पिठासारख्या दाण्यांनी भरला. मग दाणे एकेक करत बसू लागले. पुढची भिंत राखाडी झाली, पायऱ्या निळसर झाल्या. शाल विझली.

"किती वाजलेत यात?" आईने विचारलं.

"नऊ."

"दहा कर."

तिने दहा केले.

"अकरा."

अकरा. बारा. छपराची कड उजळली, तिच्यापलीकडे घरामागचं आकाश उजळलं. व्हरांड्यात काहीच आलं नाही.

"थंडीत?"

"थंडीत तर नाहीच, आई. ऐन उन्हाळ्यात, उजाडताना थोडं. तेव्हा तुला नको असतं."

आईने पेन खाली ठेवलं नाही. ते तसंच धरून ती पडद्याकडे बघत राहिली, जशी आजवर त्या चित्राकडे बघायची.

"तुला कधी कळलं हे?"

"आज सकाळी, प्लॉटवर." मग तिला तेही पुरेसं खरं वाटेना. "नाही. करतानाच हाताला माहीत होतं. डोक्याला आज कळलं."

"लोकांची घरं करतेस तेव्हाही असंच?"

"हो."

"बरं. लोकांचं लोक बघतील. पण माझ्यासाठी करायला बसलीस तेव्हा तरी सूर्य कुठे उगवतो ते विचारायचंस." आईचा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर सोपं गेलं असतं. "आणि तुला?" तिने मान वळवली. "तुला कधी कळलं, दादा?"

दादाने टोपण हातात फिरवलं.

"अहो?" वहिनी म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू पडलीस आई. तासभर..."

"पडले ते मला ठाऊक आहे. माझंच ढुंगण सुजलं होतं." मामाच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. "त्याची भीती घालून नेलं असतंस तर रडत आले असते, पण आले असते. तू उन्हाचं आमिष दाखवलंस. माझ्याशी नाही रे, माझ्या बोटांशी खोटं बोललास. त्यांना कुठे कळतं काही?"

दादा खाली बघत राहिला. एवढा थोरला माणूस, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

"मग ऊन येतं कुठे?" आईने विचारलं.

हाच प्रश्न यायचा होता. मामाने खाकरून खिडकीबाहेर बघितलं. आणि जिने बोलू नये असं धाकटीला वाटत होतं तीच बोलली.

"माझ्या खोलीत," वहिनी म्हणाली.

"आई, तुला हवी तर ती खोली घे!" दादा एकदम पुढे झाला, बुडणाऱ्याला फळी मिळावी तसा. "तिथे तुझा पलंग टाकू. मशीनचं काय, मशीन कुठेही राहतं..."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. "देऊन टाकलीत?"

"अगं, देऊन टाकली असं नाही..."

"विचारलंत मला?"

"ही वेळ आहे का तुझी..."

"माझी वेळ कधी असते, ते एकदा लिहून द्या मला. कपाटाला चिकटवून ठेवते."

"भांडू नका," आई म्हणाली. "धाकटे, दाखव ती खोली."

धाकटीचा हात माउसवर होता, आणि तो हलेना.

"तिथे... आई, मागची बाजू..."

"दाखव म्हणते ना."

तिने कॅमेरा फिरवला. घराची डावी कड आली, पाण्याचा पाइप आला, कोपऱ्यावरचं प्लॅस्टर आलं, शिंतोड्यांच्या पट्टीसकट. मग कोपरा वळला, आणि घर संपलं.

मागे काही नव्हतं. पुढची भिंत पुठ्ठ्यासारखी उभी होती, बोटभर जाडीची, आणि तिच्यामागे छपराचा एक तुकडा अधांतरी. खिडक्यांच्या भोकांतून पलीकडचा रस्ता दिसत होता. जमीन जिथे हिरवी असायची तिथे नुसता राखाडी रंग, क्षितिजापर्यंत.

सगळ्यांत आधी मामाचा श्वास ऐकू आला. मग वहिनी वाकली, अगदी पडद्याला नाक लागेल इतकी.

"माझी खोली कुठाय?"

"केली नाही, वहिनी. कॅमेऱ्यात येत नाही ते आम्ही करतच नाही. कुणीच करत नाही. मागच्या बाजूचं चित्र कुणी मागत नाही."

"कुणी मागत नाही," वहिनी म्हणाली. "बरोबर आहे. कोण मागणार?"

ती हसली, पण डोळे भरले होते. आत गेली. धाकटीला वाटलं, आता ती दार लावून घेणार. पण ती तो खाकी कागद घेऊन बाहेर आली आणि तो लॅपटॉपच्या शेजारी पसरला, कोपऱ्यावर कात्री ठेवून.

"कर," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. मी मापं सांगते."

"अगं, नकाशावाला येईल आता," दादा म्हणाला. "मंजुरीची तारीख..."

"येऊ दे. बसेल."

"आणि आईच्या उन्हाचं काय?"

आईने इतक्या वेळाने पेन खाली ठेवलं.

"मला हिची खोली नको," ती म्हणाली. "वीस वर्षं हिचं मशीन माझ्याच जेवणासाठी उचललं जात होतं. मला खोलीतलं नको, बाहेरचं चालेल. भिंत आहे ना तिला पूर्वेची? तिच्या अंगाने बसायला जागा किती?"

"चार फूट सोडलेत कुंपणापर्यंत," मामा म्हणाला. त्याचा मिटलेला डोळा उघडला होता. "सकाळीच दोरी लावली. कट्टा बसतो, ताई. दीड फुटाचा. पाठीला भिंत, समोर सूर्य. वर खिडकीचा छज्जा पुढे काढला की पाऊसही लागायचा नाही."

"माझ्या खिडकीखाली?" वहिनी म्हणाली.

"मग काय तुझ्या डोक्यावर?" आई म्हणाली.

"आई, मी आत्ताच सांगते. खिडकीखाली बसून माझ्या गिऱ्हाइकांना सल्ले द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्या बाईला म्हणालात, तुला हा रंग शोभत नाही. कापड परत घेऊन गेली ती."

"नव्हताच शोभत."

"तरी नाही बोलायचं."

"बरं. आणि तू मशीनवर गुणगुणायचं नाहीस. बेसूर आहेस तू."

"आणि अकराला ऊन गेलं की उठायचं. तिथेच झोपून जायचं नाही."

"बघू."

"बघू नाही. कबूल?"

"कबूल गं बाई, सासू तू की मी?"

दादा मधेच म्हणाला, "पण रात्रीची तुझी खोली पुढेच ठेवावी लागेल, आई. थंड आहे, पण..."

"ती तू घे," आई म्हणाली. "तुमची झोपायची खोली मागे आहे ना, हिच्या शेजारी? ती मला. पुढची तू घे. तुला पुढून बरं दिसायला आवडतं."

ते वर्मी बसलं. दादाने हातातलं टोपण टेबलावरच्या पेनाला लावून टाकलं. धाकटीला एका क्षणी वाटलं, उठावं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा, सांगावं की तू जिन्याला घाबरलास, मला कळतंय. पण आज तिच्याही हाताला ती किंमत उरली नव्हती. ती खाली बघून वहिनीच्या कागदावरचे आकडे वाचू लागली.

"खिडकी चार फूट सहा इंच," वहिनीने सांगितलं. "खालची कड माझ्या कमरेला. थांब." तिने गळ्यातली टेप काढली, स्वतःच्या कमरेपासून जमिनीपर्यंत सोडली. "अडतीस इंच."

"एवढी खाली? कट्ट्यावर बसलं की ताईचं डोकं आत येईल," मामा म्हणाला.

"येऊ दे. मला दिसेल तरी, आहेत की पडल्यात."

धाकटीने आकडे घातले. पडद्यावरच्या राखाडी पोकळीत जमिनीतून एक भिंत वर आली, नागडी, बिनरंगाची. तिच्यात एक भोक पडलं. सवयीने तिचा हात डागांच्या यादीकडे गेला, आणि थांबला.

दाराची बेल वाजली.

दादाच गेला. दुसरं कुणी उठलंच नाही. नकाशावाल्याचा मोकळा, घाईतला आवाज आत आला. "काय साहेब, झाल्या का सह्या? मला इथून पुढे कचेरीत जायचंय."

"नाही," दादा म्हणाला. "नकाशा बदलायचाय. दोन खोल्यांची अदलाबदल, आणि पूर्वेच्या भिंतीला बाहेरून कट्टा."

"आत्ता? अहो, चित्र तर एकदम झकास झालंय म्हणत होतात फोनवर! सगळ्यांना पसंत म्हणालात."

दादाने दाराच्या चौकटीला हात टेकला. धाकटीला त्याची पाठ दिसत होती, रोज बारा तास उभी राहणारी.

"पुढून झकास आहे," तो म्हणाला. "मागे घर नाहीये."

नकाशावाल्याला त्यातलं काही कळलं नसावं, पण तो आत आला, पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला, आणि थोड्याच वेळात तोही पडद्याकडे वाकला. "छज्जा दोन फुटांच्या पुढे नको हं," म्हणाला. आई म्हणाली, "का नको?" मामा म्हणाला, "दोन पुरे." वहिनी टेबलावरच्या कागदाला टेप लावत होती, तोंडात एक टाचणी, आणि त्या टाचणीसकट बोलत होती.

खिडकीतलं ऊन आता गजांपर्यंत मागे गेलं होतं. उरलेला उजेड टेबलाच्या एका कडेवर. दादा दार लावून आला आणि बायकोच्या मागे उभा राहिला, तिच्या खांद्यावरून बघत.

"अहो," वहिनी मान न वळवता म्हणाली, "बाजूला व्हा. उजेड अडतोय."

दादा सरकला. तर आईवर सावली पडली. तिथूनही सरकला. नेमकं कुठे उभं राहिलं म्हणजे कुणाचा उजेड अडणार नाही, ते त्याला त्या खोलीत बराच वेळ सापडत नव्हतं.